मिडवाइफ म्हणजे सुईण की प्रसाविका?

पाटीपेन्सिल: एका लेखाचं भाषांतर करतेय आणि पहिल्याच वाक्यात अडले. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात ९ लाख मिडवाइफ कमी आहेत. मी 'सुइणी' लिहिलं. नर्सिंग शिकवणाऱ्या मावशीने वाचलं आणि म्हणाली, "लोकांना वाटेल, गावोगावच्या ९ लाख म्हाताऱ्या हव्या आहेत." मग काय लिहू?

उपकेंद्रवाली: मावशींचं बरोबर आहे. सुईण म्हटलं की शाळा न पाहिलेली, अनुभवाने हात बसलेली बाई डोळ्यांपुढे येते. जागतिक आरोग्य संघटना तिला वेगळं मोजते आणि प्रशिक्षित, परवाना असलेल्या मिडवाइफला वेगळं. माझ्या नेमणुकीच्या कागदावर 'सहाय्यक परिचारिका प्रसाविका' असं लिहिलंय. बावीस वर्षांत त्या नावाने कोणी हाक मारली नाही. नर्सबाई, सिस्टर, फार तर एएनएम.

जुनंपुराणं: 'सुईण'चा सुईदोऱ्याशी संबंध नाही, हे आधी सांगून टाकतो, दर वेळी कोणीतरी नाळ बांधण्यावर घसरतं. मूळ संस्कृत 'सू' धातू, म्हणजे प्रसवणे. सूतिका, प्रसूती सगळी त्याच घरची. गंमत 'सुतक'ची आहे. संस्कृतात सूतक म्हणजे जन्म आणि जन्माचा विटाळ. मराठीत जन्माला 'सोयर' उरलं आणि सुतक मृत्यूकडे गेलं.

आता 'प्रसाविका' पाहा. प्रसवायला लावणारी, ती. म्हणजे कर्ती ही, बाळंतीण नव्हे. इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ मात्र 'बाईच्या सोबत असणारी' असा आहे. 'मिड' म्हणजे तिथे मध्य नाही, सोबत. फ्रेंच लोक तिला 'साज-फाम' म्हणतात, शहाणी बाई. आइसलँडचा शब्द 'ल्योसमोदिर', उजेडाची आई! (आपण अशा शब्दावर कविता केल्या असत्या.)

उपकेंद्रवाली: आपल्याकडेही बोलण्यात कर्ती बदलतेच की. बाई 'बाळंत होते', पण आई लेकीचं बाळंतपण 'करते' आणि डॉक्टर डिलिव्हरी 'करतात'. कळा मात्र बाईच देते. 'सुटली', 'मोकळी झाली' हे बायकांचे शब्द मला जास्त खरे वाटतात.

पाटीपेन्सिल: थांबा, इथेच माझी दुसरी अडचण आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१४ मध्ये मिडवाइफरीवर, म्हणजे मिडवाइफच्या कामावर, लेखमाला काढली. तिच्यात मिडवाइफरी म्हणजे गर्भारपणाच्या आधीपासून बाळाच्या पहिल्या आठवड्यांपर्यंतची जाणती, मायेची काळजी असं धरलंय. ती कोण घेतं, हा प्रश्न वेगळा ठेवलाय. मग बाईला एक शब्द आणि कामाला दुसरा, असे दोन लागतील.

जुनंपुराणं: कामाला 'सुईणपण' घ्या. बाळंतपणाच्या शेजारी चपखल बसतो.

उपकेंद्रवाली: आणि बाईला सरळ 'मिडवाइफ' लिहा. आपल्या देशात २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी नर्सना १८ महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण देऊन नवं पद उभं करायचं ठरवलं, त्याचं नावसुद्धा 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी'. बनवलेला शब्द रुजतच नाही असं नाही हो. गडचिरोलीत डॉक्टर बंग दाम्पत्याच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांतल्या त्या कामाचा निबंध १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच आला, बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा (पहिल्या २८ दिवसांतले हो, नवजातच). त्या बायकांचं नाव 'आरोग्यदूत'. ते सहज तोंडात बसलं. 'प्रसाविका' म्हणताना दुसऱ्या अक्षरालाच जीभ अडखळते.

पाटीपेन्सिल: ठरलं, बाई 'मिडवाइफ' आणि काम 'सुईणपण'. मावशीला कळवते. पुढचं वाक्य असं आहे: मिडवाइफची सेवा सगळीकडे पोचली तर २०३५ पर्यंत मातामृत्यू ६७ टक्के, नवजात मृत्यू ६४ टक्के आणि स्टिलबर्थ ६५ टक्के टाळता येतील. स्टिलबर्थला मी 'मृतजन्म' लिहिलंय.

उपकेंद्रवाली: आमच्या नोंदवहीत 'उपजत मृत्यू' आहे.

पाटीपेन्सिल: उपजत? उपजत गुण असतात ना?

जुनंपुराणं: उपजणे म्हणजे जन्मणे. आता फक्त गुणांपुरतंच उरलंय ते. लिहायचं तर 'उपजत मृत्यू'च लिहा, पण पहिल्यांदा येईल तिथे 'पोटातून मृत जन्मलेलं बाळ' असं सांगून टाका.

उपकेंद्रवाली: बाळ गमावून घरी आलेल्या बाईपुढे मात्र यातला कुठलाच शब्द काढू नका. तिथे आम्ही 'बाळ राहिलं नाही' एवढंच म्हणतो.