फाइल टेबलात की डिस्कवर?

‘बॅकअप एकच राहतो, म्हणून पीडीएफ, व्हिडिओ सगळं पोस्टग्रेस डेटाबेसमध्येच टाका’ हा सल्ला मला अर्धाच पटला. फाइल आणि तिची नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये जाते (दोन्ही जातील किंवा एकही नाही), ही सोय खरंच मोठी आहे. पण गोची होते ती नेमकी बॅकअपमध्येच. साध्या एसक्यूएल डंपमध्ये (मजकूर स्वरूपातल्या बॅकअपमध्ये) बायटीआ कॉलम, म्हणजे फाइलचे बाइट ठेवायचा कॉलम, हेक्समध्ये, दर बाइटला दोन अक्षरं असा लिहिला जातो, म्हणजे १० एमबीच्या स्कॅनचे झाले २० एमबी. शिवाय तोच डेटा वॉल लॉगमध्ये (प्रत्येक बदल आधी नोंदवणाऱ्या लॉगमध्ये) जातो आणि तिथून रेप्लिकावर, म्हणजे डेटाबेसच्या दुसऱ्या सर्व्हरवरच्या प्रतीवर.

बायटीआची मर्यादा १ जीबी असली तरी तिथवर जायच्या बऱ्याच आधी मेमरी बोंबलते. आत साधारण २ केबीचे तुकडे असतात, पण वाचताना सहसा अख्खी फाइल जोडूनच हातात येते. लार्ज ऑब्जेक्ट (फाइल तुमच्या टेबलाबाहेर वेगळी ठेवायची पोस्टग्रेसचीच सोय) तुकड्यातुकड्याने वाचता येतो, ४ टीबीपर्यंत जातो. मात्र टेबलातली ओळ उडवली तरी तो मागे तसाच राहतो. त्यासाठी ट्रिगर (ओळ उडाली की आपोआप चालणारा कोड) लावा किंवा अधूनमधून व्हॅक्यूमएलओ हे असे मागे राहिलेले ऑब्जेक्ट काढणारं टूल चालवा. (हे कुणी करत नाही.)

सह्या, थंबनेल वगैरे खुशाल टेबलात ठेवा. मोठ्या फाइली डिस्कवर, आणि टेबलात पाथ, साइज, शा-२५६ हॅश (फाइल बदलली का ते ओळखायचा ठसा). क्रम सांभाळा: आधी फाइल लिहायची, मग ओळ, काढताना आधी ओळ, मग फाइल. मध्येच काही फिसकटलं तर फार तर एखादी बेवारस फाइल उरते, ती रात्रीच्या क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाने) साफ करता येते.