विकिपीडियावर नवीन आहे: थेट लेख लिहायला घ्यावा का?

कोरेपान:
विकिपीडियावर खातं उघडलं आहे. एका विषयावर लेखच नाही, तो लिहायचा विचार आहे. पण नव्या सदस्यांचे लेख लगेच वगळले जातात आणि बदल उलटवले जातात, असं वाचलं. हे नेमकं कशामुळे होतं? आधी दुसरं काही काम करावं का? दुसऱ्या भाषेतल्या लेखाचं भाषांतर आणि फोटो यांचे नियमही कोणी सांगितले तर बरं होईल.

संदर्भकोश:
पहिलं काम म्हणून नवीन लेख घेऊ नका. नव्या लेखात विषयाची उल्लेखनीयता (म्हणजे त्यावर स्वतंत्र लेख असावा इतकी इतरांनी त्याची दखल घेतली आहे का), संदर्भ, प्रताधिकार (कॉपीराइट), तटस्थ भाषा, मांडणी या सगळ्यांची परीक्षा एकदमच होते, आणि एकीतही घसरलं की अख्खा लेख जातो. आधीपासून असलेल्या लेखात चुकलंच तर एखादं वाक्य चुकतं.

सुरुवात संदर्भ जोडण्यापासून करा. ओळखीच्या विषयावरचा लेख उघडा, संदर्भ नसलेलं एखादं विधान निवडा, ते एखाद्या पुस्तकात किंवा विश्वासार्ह वृत्तपत्रात सापडतं का बघा. सापडलं तर लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष आणि पान क्रमांक द्या. पान क्रमांक नसेल तर तीनशे पानांच्या पुस्तकात पडताळणी करणार कोण? दृश्य संपादकात (पान जसं दिसतं तसंच बदलता येतं त्या खिडकीत) आयएसबीएन किंवा वेबपत्ता टाकला की बराचसा तपशील आपोआप भरतो, पण लेखकाचं नाव आणि तारीख त्यात बऱ्याचदा चुकते, म्हणून जतन करण्यापूर्वी वाचून घ्या. संदर्भ ज्या वाक्याचा आहे त्याच्या लगेच पुढे लावा. परिच्छेदाच्या शेवटी एकच लावला, की पुढे कोणीतरी मध्ये नवं वाक्य घुसवतं आणि तेही त्याच पुस्तकातलं आहे असं दिसू लागतं.

संपादन सारांश, म्हणजे काय बदललं ते सांगणारी जतन करतानाची ओळ, कधीही रिकामा सोडू नका. अलीकडील बदलांच्या यादीत मजकूर कमी झाला की आकडा लाल दिसतो, आणि मोठी वजाबाकी ठळक दिसते. नवे बदल तपासत गस्त घालणारे सदस्य आधी तिथेच जातात. ‘तोच परिच्छेद दोनदा आला होता, एक काढला’ एवढं लिहिलेलं असलं तर बदल उलटवला जाण्याची शक्यता खूप कमी होते.

धूळपाटीवाला:
वरच्या सल्ल्याशी सहमत, फक्त महिनोन्‌महिने शुद्धलेखनच दुरुस्त करत बसू नका. त्याने संपादनांचा आकडा वाढतो, लेख लिहिता येत नाही.

लेख लिहायचाच असेल तर संदर्भ आधी, मजकूर नंतर. विषयापासून स्वतंत्र असलेले आणि विषयावर सविस्तर लिहिणारे किमान दोन-तीन स्रोत हातात नसतील तर तो विषय सध्या बाजूला ठेवा. संस्थेची स्वतःची वेबसाइट, प्रसिद्धिपत्रक जसंच्या तसं छापलेली बातमी, समाजमाध्यमांवरची पोस्ट यांनी उल्लेखनीयता सिद्ध होत नाही. स्थापनेच्या वर्षासारखी साधी माहिती संस्थेच्या वेबसाइटवरून घेता येते, एवढंच. दुसऱ्या भाषेतला विकिपीडिया हाही संदर्भ ठरत नाही.

कच्चा मसुदा आपल्या सदस्य पानाखालच्या धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, करा. पण तिथेही कुठून उचललेला मजकूर चिकटवू नका, प्रताधिकाराचा नियम प्रत्येक पानाला लागू आहे. चार शब्द इकडेतिकडे केलेलं वाक्यही उचललेलंच मानतात. स्रोत वाचा, बंद करा, स्वतःच्या वाक्यात लिहा, मग पुन्हा उघडून तपशील ताडून पाहा.

स्वतःवर, नातेवाइकांवर किंवा आपल्या कंपनीवर लेख लिहू नका. मोबदला घेऊन संपादन करत असाल तर ते जाहीर करणं वापरण्याच्या अटींनुसार बंधनकारक आहे. हयात व्यक्तीबद्दल वादग्रस्त विधान संदर्भाशिवाय लिहिलं तर ते चर्चेची वाट न बघता काढलं जातं, आणि ते योग्यच आहे.

चित्रदालन:
फोटोंचं सांगतो. इंटरनेटवर सापडलेला फोटो मुक्त नसतो, असंच धरून चाला. कॉमन्सवर (विकिपीडियाचे फोटो जिथे ठेवतात त्या मुक्त भांडारात) स्वतः काढलेला फोटो चालतो, किंवा व्यावसायिक वापर आणि बदल या दोन्हींना परवानगी देणाऱ्या परवान्याखालचा. ‘फक्त अव्यावसायिक वापरासाठी’ असा परवाना चालत नाही. पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा किंवा पोस्टरचा फोटो तुम्ही मोबाइलवर काढलात तरी मूळ चित्राचा हक्क तुमच्याकडे येत नाही. फोटोतली व्यक्ती ‘वापरा’ म्हणाली म्हणून भागत नाही, हक्क बहुधा छायाचित्रकाराचा असतो. त्याने मुक्त परवाना देत असल्याचं ईमेलने कळवावं लागतं, ‘विकिपीडियापुरती परवानगी’ पुरत नाही.

भाषांतराला हरकत नाही, पण मूळ लेखाचं श्रेय द्यावंच लागतं. भाषांतराचं साधन वापरलं तर ती नोंद आपोआप होते, हाताने केलं तर संपादन सारांशात मूळ लेखाचा दुवा द्या. यंत्राने दिलेला मजकूर फारसा न बदलता ठेवला तर साधन इशारा देतं आणि प्रकाशन अडवूही शकतं. मूळ लेखातले संदर्भ स्वतः उघडून पाहिल्याशिवाय पुढे नेऊ नका, त्यातले काही दुवे मेलेले असतात. माहितीचौकट (लेखाच्या बाजूची थोडक्यात माहितीची चौकट) तपासा: ती ज्या तयार साच्यावर चालते तो साचाच आपल्या विकिपीडियावर नसेल तर तिथे नुसता लाल दुवा, म्हणजे नसलेल्या पानाचा दुवा, उमटतो.

कोरेपान:
आभार. आणि एवढं करूनही बदल उलटवला गेला तर?

संदर्भकोश:
लगेच परत टाकू नका. ‘इतिहास’मध्ये जाऊन उलटवणाऱ्याचा सारांश वाचा, बहुतेकदा कारण तिथेच असतं. ते पटलं नाही तर लेखाच्या चर्चा पानावर नवा विभाग काढा, कोणतं वाक्य आणि कोणता संदर्भ ते लिहा, त्या सदस्याला साद द्या (त्याच्या नावाचा दुवा दिला की त्याला सूचना जाते) आणि शेवटी चार टिल्डे (~~~~) टाका, म्हणजे सही आणि वेळ उमटते. दोन-चार दिवस थांबा, सगळे स्वयंसेवक आहेत. तरीही उत्तर आलं नाही तर चावडीवर, म्हणजे सगळ्या सदस्यांच्या सामाईक चर्चा पानावर, विचारा. ओढाताण करत राहिलात तर तुमचं म्हणणं बरोबर असूनही प्रवेश रोखला जाऊ शकतो: इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं तर तेवढं कारण पुरतं. काढलेला मजकूर शोधत बसू नका, तो जुन्या आवृत्तीत शाबूत असतो.