‘अन्न असुरक्षितता’ला बोलीत काय म्हणावं?

पूर्णाकाठ: एका सर्वेक्षणाची प्रश्नावली मराठीत करायलोय. गावं परभणी, हिंगोलीकडची, थोडी बीडची. ‘अन्न असुरक्षितता’ म्हटलं की लोक रेशन दुकानदाराच्या तक्रारी सांगायला लागतात. ‘नैराश्य’ तर कुणाच्याच तोंडी नाही. पुरुष ‘टेन्शन’ म्हणतात, बायका हसून सोडून देतात. शब्द सुचवा.

मोंढ्यावरचा: सरळ ‘उपासमार’ लिहा की.

वसमतची ताई: उपासमार नको. उपासमार म्हणजे चूलच बंद. तुम्हाला विचारायचंय ते चूल पेटत असतानाचं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची अन्न असुरक्षितता मोजायची आठ प्रश्नांची मोजपट्टी आहे ना, तिचा पहिलाच प्रश्न काळजीचा आहे: गेल्या १२ महिन्यांत पैशाअभावी खायला पुरणार नाही अशी काळजी वाटली का? दिवसभर काहीच न खाणं थेट आठव्या प्रश्नात येतं. या पहिल्या प्रश्नाला आपल्याकडं ‘घोर’ आहे. ‘पुढल्या महिन्याच्या दाण्याचा घोर लागला होता का?’ असं विचारून बघा, माणूस बोलता होतो.

दुसरा शब्द ‘निभणं’. बाईला कसं चाललंय विचारा, ‘निभायलंय माय’ म्हणेल. हा शब्द जपून वापरा, त्यात तिचं न जेवणं लपलेलं असतं. सगळ्यांचं झाल्यावर ती बसते, कोरड्यास म्हणजे कालवण संपलेलं असतं, मग पातेल्यात पाणी फिरवून त्यात भाकर कुस्करते आणि वर ‘मला असंच आवडतं’ म्हणते. ‘कमी खाल्लं का?’ विचारलंत तर ही ‘नाही’च म्हणणार. ‘शेवटी बसल्यावर पुरतं का?’ असं विचारा.

मनाचं बायका शरीरावर घालून सांगतात: जीव घाबरा होतो, अंगात त्राण नाही. इथं एक अडचण आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्तक्षय निघाला, पुरुषांत २५ टक्के. तेव्हा ‘त्राण नाही’ हे रक्ताचं की मनाचं, नुसत्या शब्दावरून कळायचं नाही. झोप लागते का, कशात मन लागतं का, हे वेगळं विचारावं लागेल.

मोंढ्यावरचा: आणि पुरुषांचं? आमच्याकडं ‘हाय खाल्ली’ म्हणतात.

वसमतची ताई: म्हणतात, पण दुसऱ्याबद्दल. ‘सोयाबीन गेलं अन् त्यानं हाय खाल्ली.’ स्वतःबद्दल कोण म्हणतंय? पुरुषाला ‘दुकानदारानं खातं बंद केलं का?’ विचारा. उधारी तुटली की तो त्या गल्लीनं जायचं सोडतो, घरी चिडचिड करतो. बाईला उसन्याचं विचारा. वाटीभर पीठ आणलेलं फेडलं नसेल तर दुसऱ्यांदा त्याच दारात पाऊल उचलत नाही. दोघांनाही लाजच खाते, पण एकाच प्रश्नानं दोन्ही लाजा सापडणार नाहीत.

मोंढ्यावरचा: पण २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर घरातली थोरली बाईच कुटुंबप्रमुख आहे. मग तिलाच विचारलं की झालं.

वसमतची ताई: कार्डावर आहे हो. पाच किलो माणशी घरात आलं तरी ताटात किती पडलं ते कार्डाला कुठं ठाऊक? बीडकडं जाणार असाल तर आणखी एक जपा: ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल म्हणजे आगाऊ पैसे एका कोयत्याचे, हिशेबही कोयत्याचा, आणि मजूर नेणाऱ्या मुकादमासमोर बोलतो तो नवरा. त्या सवयीनं तुमचेही प्रश्न त्यालाच विचारले जातील. ती मोजपट्टी माणसागणिक विचारता येते, तेव्हा दोघांचे कागद वेगळे ठेवा. बाईला फडावरून आल्यावर भाकरी थापताना गाठा, तेही बाईमाणसानं.

पूर्णाकाठ: ‘घोर’ आणि ‘शेवटी बसल्यावर’ घेतो. ‘उसनं’ मात्र शहरातल्या वस्तीत चालेल का? नांदेडला दोन वस्त्या आहेत यादीत.

वसमतची ताई: चालेल, पण तिथं पीठ कमी, पैसे जास्त. ‘हातउसने’ लिहा.