मदत हवी आहे: धनुष्याने हरणाची शिकार (विस्कॉन्सिन), ग्रंट कॉल नक्की कधी आणि किती वाजवायचा?

मंडळी नमस्कार, नाशिकहून लिहितोय. आधीच सांगतो म्हणजे खाली हाणामारी नको, शिकार इथे करायची नाहीये. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ताईकडे विस्कॉन्सिनला चाललोय, दाजी तिकडे रीतसर लायसन्स काढून दरवर्षी धनुष्याने व्हाइटटेल हरणाची शिकार करतात आणि यंदा मलाही नेणार म्हणतायत. कागदपत्रांचं ते बघतायत (१ जानेवारी १९७३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तिकडे हंटर एज्युकेशनचं सर्टिफिकेट लागतं, तो ऑनलाइन भाग चालू आहे माझा), त्यामुळे त्यावर प्रश्न नाही. नेमबाजीवरही नाही, इथे क्लबात कंपाउंड (चाकांचं धनुष्य) मारतो, १८ मीटरवर ग्रुप बरा बसतो.

प्रश्न आवाजाचा आहे. दाजी मागच्या वेळी आले तेव्हा एक ग्रंट ट्यूब ठेवून गेले, म्हणजे हरणासारखा घुरघुर आवाज (ग्रंट) काढून त्याला जवळ बोलवायची घड्याघड्यांची प्लास्टिकची नळी, आत पातळ पट्टी आणि त्या पट्टीवर एक रबराची रिंग. रिंग पुढेमागे सरकवली की पाडसापासून मोठ्या नरापर्यंत सगळे आवाज निघतात. सोबत एक छोटा डबा आहे, तो उलटा केला की मादीसारखा मॅऽऽ करतो. मी रोज रात्री जेवण झाल्यावर गॅलरीत प्रॅक्टिस करतो, परवा खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन विचारून गेल्या की डुक्कर पाळलंय का, म्हणजे आवाज बहुतेक बरोबर येतोय.

आता गोंधळ असा की यूट्यूबवर एक जण म्हणतो दर पंधरा मिनिटांनी वाजवत राहा, दुसरा म्हणतो हरीण दिसल्याशिवाय तोंडाला लावूच नका, तिसरा दोन नर झुंजतायत असं भासवायला शिंगं एकमेकांवर आपटतोय. आणि समजा हरीण आलंच तर ते आवाज कुठून आला हे शोधत, सरळ माझ्याकडेच बघत येणार ना? बंदूक असती तर लांबूनच काम झालं असतं, इथे ते वीस यार्डांवर यायला हवं आणि तेवढ्या जवळ आल्यावर मी साठ पाऊंडाचा बो ओढणार कसा? हे कोणीच नीट सांगत नाहीये.

एक मित्र म्हणतो त्यापेक्षा येवल्याला ममदापूरला जा, काळविटांवर वाजवून बघ, प्रतिसाद तरी कळेल. हे कितपत बरोबर?

गोदाकाठचा
अरे पंचवटीत हरणाने माणसाचा आवाज काढून माणसांना फसवलं, "हा लक्ष्मणा" ऐकून लक्ष्मण धावत सुटला आणि पुढचं सगळं रामायण झालं. तू त्याच गावातून हरणाचा आवाज काढायला निघालास, मारीचाचा हिशोब चुकता करतोयस काय 😄 बाकी मला यातलं काही कळत नाही, वाचतोय.

येवलेकर
ममदापूरचं डोक्यातून काढून टाका, आधी मित्राला समज द्या. १९७२च्या वन्यजीव कायद्यात शिकारीची व्याख्या फक्त मारण्यापुरती नाही, आमिष दाखवणं, हाकणं आणि तसा प्रयत्न करणंसुद्धा त्यात येतं, त्यात काळवीट शेड्यूल एकमधला. गळ्यात ग्रंट ट्यूब आणि गाडीत धनुष्य घेऊन राखीव क्षेत्रात सापडलात तर विस्कॉन्सिन राहील बाजूला. आणि काळवीट हा मुळात हरीणच नाही, कुरंग आहे, त्याची शिंगं दरवर्षी गळत नाहीत, त्याच्यावरून व्हाइटटेलचा काय अंदाज बांधणार? दुर्बीण घेऊन या, बघा, जा.

मिशिगनकर
बरीच वर्षं धनुष्य घेऊन बसतोय म्हणून लिहितो, लांबेल.

पहिली गोष्ट, तुमची वेळ चांगली आहे. व्हाइटटेलचा माज दिवसाच्या लांबीवर ठरतो, तिकडच्या पट्ट्यात बहुतेक माद्या नोव्हेंबरच्या मध्याला माजावर येतात. त्याच्या आधीचे दहाबारा दिवस नर वेड्यासारखे हिंडत असतात आणि मादी अजून मिळालेली नसते, आवाजाला ते सगळ्यात जास्त तेव्हाच येतात. एकदा मादी मिळाली की नर तिला सोडत नाही, मग कितीही नळी वाजवा, ढुंकून बघत नाही.

दुसरं, हरीण दिसत नसताना वाजवायचं असेल तर थोडंच. दोनतीन ग्रंट, प्रत्येक सेकंदभराचा, मग निदान वीसपंचवीस मिनिटं गप्प. नाहीतर डबा एकदोनदा उलटा करा, बास. दर पाच मिनिटांनी हॉर्न मारल्यासारखं करणारे लोक आहेत, त्यांच्या स्टँडभोवतीची (शिकारीला बसायची जागा) हरणं दोन दिवसांत शहाणी होतात. हरीण दिसतंय पण लांबून दुसरीकडेच चाललंय तेव्हा मात्र नक्की वाजवा. कानाकडे लक्ष ठेवा. पाऊल थांबलं, मान वर आली, कान तुमच्याकडे वळले की त्याने ऐकलं, त्याच क्षणी नळी खाली. यायला लागलं तर पुन्हा अजिबात नाही, कारण आता प्रत्येक आवाजाने त्याला तुमची जागा आणखी पक्की कळते. पाठ फिरवून जायला लागलं तर परत एकदा. आणि ते तुमच्या दिशेने बघत असताना कधीच वाजवायचं नाही.

स्नॉर्ट-व्हीझ म्हणून एक फुसफुस-शिट्टीसारखा आवाज ऐकला असेल, तो दोन तगड्या नरांमधला दम देण्याचा आवाज. लहान नर तो ऐकून पळतात. पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नका.

तिसरं म्हणजे वारा, आणि माझ्या मते कॉलपेक्षा हे मोठं. नर सरळ येत नाही, वळसा घालून वारा जिकडे जातोय त्या बाजूने येतो, कोण ओरडतंय ते नाकाने तपासायला. म्हणून तुमच्या त्या बाजूला तळं, उंच काठ, मोकळं रान असं काहीतरी असावं, जिथून यायला त्याला नको वाटेल. ते नसेल तर नळी खिशातच बरी.

सॅन अँटोनियोहून
शिंगं आपटण्याबद्दल थोडं. इकडे टेक्सासमध्ये रॅटलिंगवर मुद्दाम अभ्यास झालाय, एक जण खाली शिंगं आपटतोय आणि दुसरा उंच टॉवरवरून बघतोय अशी पद्धत होती. जोरात आपटलं तर हळूपेक्षा कितीतरी जास्त नर आले, बहुतेक वाऱ्याच्या खालच्या बाजूने आले, आणि खाली बसलेल्याला त्यातले बरेचसे दिसलेच नाहीत. म्हणजे "काहीच आलं नाही" म्हणताना मागे येऊन हुंगून गेलेलं असू शकतं. पण इथे राखलेल्या रानांत मोठे नर भरपूर, तिकडे सार्वजनिक जंगलात तेवढं यश धरू नका.

अवांतर, आपलं चितळ इकडे १९३२ पासून आहे, अ‍ॅक्सिस म्हणतात, रँचवर वर्षभर शिकार चालते. उन्हाळ्यात त्यांचे नर ओरडतात तेव्हा अंगणात बसून ताडोब्यात असल्यासारखं वाटतं.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार, येवलेकर, ममदापूर रद्द, मित्रालाही हेच वाचायला दिलंय. वाऱ्याचं डोक्यात बसलं. पण बो ओढायचा कधी हे अजून राहिलंच. आणि फोनला स्पीकर लावून रेकॉर्ड केलेला आवाज वाजवला तर हात तरी मोकळे राहतील ना?

मिशिगनकर
स्पीकर नको. हरणासाठी रेकॉर्ड केलेले किंवा इलेक्ट्रॉनिक आवाज बऱ्याच राज्यांत चालत नाहीत, विस्कॉन्सिनचं नियमांचं पुस्तक दाजींकडे असेल, त्यात बघून घ्या. तसंही नळी दोरीने गळ्यात असते, हात मोकळेच राहतात.

ओढण्याचं. त्याचं डोकं झाडामागे गेलं किंवा खाली हुंगायला गेलं की ओढायचं, एका दमात, धनुष्य वर न उचलता. तुमच्या साठ पाऊंडाच्या बोला ८० टक्के लेट-ऑफ (पूर्ण ओढल्यावर कमी होणारा ताण) असेल तर ओढून धरताना बारा पाऊंडच राहतात, तरी मिनिटभराने हात थरथरतोच, तेव्हा क्लबात धरून उभं राहण्याची सवय करा. गॅलरीतल्या नळीइतकीच ती प्रॅक्टिस महत्त्वाची आहे.

नजर तुमच्यावरून काढायचे दोन उपाय आहेत. एक, पंधरावीस यार्डांवर नकली हरीण उभं करायचं. नराचा डिकॉय असेल तर त्याचं तोंड तुमच्याकडे, कारण आलेला नर तोंडासमोर जाऊन भिडतो आणि तुम्हाला आडवा मिळतो. दुसरा उपाय मला जास्त आवडतो. तुम्ही दोघं आहात ना? मग दाजींनी मागे चाळीसपन्नास यार्डांवर बसून वाजवायचं, तुम्ही पुढे गप्प. हरीण दाजींना शोधत तुमच्या बाजूने जाईल. एल्कच्या (तिकडचं मोठं हरीण) शिकारीत हे सर्रास करतात, व्हाइटटेललाही चालतं. नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवाराच्या आसपास, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी, तिकडे नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो, त्या काळात असाल तर धनुष्यवाल्यालाही भगवा किंवा गुलाबी फ्लोरोसंट कपडा सक्तीचा आहे आणि डिकॉय तर घरीच.

शेवटचं, चालतं हरीण थांबवायला बो पूर्ण ओढल्यावर तोंडाने हलकंसं "मॅ" करायचं. थांबतं. पण तेव्हा ते सगळे स्नायू ताणून उभं असतं हे विसरू नका. १८ मीटरवर दोरीचा आवाज त्याच्या कानात सेकंदाच्या विसाव्या भागात पोचतो, बाण सेकंदाला ८५ मीटरने गेला तरी त्याच्या चौपट वेळ घेतो. तेवढ्यात ते उडी मारण्यासाठी खाली दबतं आणि बाण पाठीवरून जातो किंवा उंच लागतो, आणि जखमी हरीण रात्रभर शोधत बसावं लागतं. म्हणून छातीच्या खालच्या भागावर नेम धरा, वीस यार्डांच्या पुढे पहिल्या वर्षी मारू नका, समोरून तर मुळीच नाही.

धागाकर्ता
दाजींना मागे बसवायची आयडिया एक नंबर, ताईला आत्ताच सांगितली, ती म्हणते घरातही तोच प्रकार आहे, ते मागून बोलतात आणि काम दुसरा करतो. डिकॉय त्यांच्याकडे आहे का विचारतो. थंडीत नळीचं काही होतं का?

मिशिगनकर
होतं. फुंकलेल्या वाफेचं पाणी पट्टीवर गोठतं आणि ऐन वेळी फक्त हवा जाते. जॅकेटच्या आत ठेवा, वाजवून झालं की झटका. ओढून घेतलेल्या श्वासावर वाजणाऱ्या नळ्याही मिळतात, दाजींची कुठली आहे बघा. आणि स्टँड नक्की कुठे लावलाय, वारा कुठून असतो, मागे तळंबिळं आहे का ते त्यांना विचारून इथे टाका, मग पुढचं बोलू.