डी-जेट्रॉनिक उपटून वेबर बसवा? नवशिक्याला हा सल्ला देऊ नका

फ्रीमाँटचा पाना:
परवा एका मुलाने इथे फोरमवर लिहिलं की त्याने १९७३ची पोर्शे ९१४ घेतली आहे, दोन लिटरवाली. आयडलिंगला रेस वरखाली होते, काळा धूर येतो, आणि डी-जेट्रॉनिक या तिच्या इलेक्ट्रॉनिक पेट्रोल इंजेक्शनचं काम त्याला स्वतः शिकून करायचं आहे. त्यावर वाकडच्या मिस्त्रींनी दोन ओळींत निकाल लावला: "ती वायरिंग उपटून टाक, दोन वेबर कार्ब्युरेटर बसव. इंजेक्शन नवशिक्याचं काम नाही." तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

डी-जेट्रॉनिक ही जादू नाही. इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधला दाब एक सेन्सर मोजतो. प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या तळाशी पॉइंटची जोडी असते, ती कुठल्या दोन इंजेक्टरची पाळी आहे ते सांगते. हेडचं तापमान तिसरा सेन्सर देतो. एवढ्यावरून कंट्रोल युनिटचा डबा एकच गोष्ट ठरवतो, इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा. पेट्रोलचा दाब कायम २ बारच्या आसपास. आत प्रोसेसर नाही, नुसते ट्रान्झिस्टर आणि रेझिस्टर. मल्टिमीटर आणि हातपंपाचं व्हॅक्यूम गेज असेल तर बहुतेक तपासणी घरच्या गॅरेजमध्ये होते.

मी सॉफ्टवेअरवाला. पहिल्यांदा बॉनेट उघडलं तेव्हा मला स्पार्क प्लगचा पानाही ओळखता येत नव्हता. माझ्याही गाडीला असाच काळा धूर होता. इथल्या एका गॅरेजने आठ महिने गाडी ठेवून घेतली, तीन इंजेक्टर बदलले, बिल लावलं, धूर तसाच. शेवटी मी दाबाच्या सेन्सरला हातपंप लावला. काटा टिकेना. आतला पातळ तांब्याचा डायफ्रॅम तडकला होता. तो फाटला की सेन्सर डब्याला खोटं सांगतो आणि इंजिन नको तेवढं पेट्रोल पितं. दोष एका पत्र्यात होता आणि मिस्त्री म्हणतात अख्खी सिस्टीम फेका!

वाकडचा मिस्त्री:
पानावाले, तुम्ही एक गाडी केलीत. मी तीस वर्षं गाड्याच करतोय. पद्मिनीचा कार्ब्युरेटर मी भर पावसात खंडाळ्याच्या घाटात उघडलाय, जेटला फुंकर मारली आणि गाडी पुढे. तुमचा तो डबा बंद पडला तर रस्त्यात काय फुंकणार? दाबाचा सेन्सर आता नवीन बनतो का? नाही. जुनाच शोधत बसायचं, तोही फाटकाच निघतो.

आणि २ बारचं पेट्रोल म्हणजे खेळ नाही. माझ्या डोळ्यांदेखत एका शिकाऊ पोराने क्लिप नीट आवळली नाही, नळी सुटली, गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पेट्रोल उडालं. माझ्या उजव्या हातावर अजून डाग आहे. म्हणून म्हणतो, नवशिक्याने हात लावू नये. हे तुम्हाला अपमानाचं वाटत असेल तर वाटू द्या.

शिवाय तिकडे कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाडीला स्मॉगची, म्हणजे धुराची, तपासणीच नाही ना? मग कार्ब्युरेटर लावायला अडचण कुठली?

श्टुटगार्टची सून:
काका, तपासणी नाही म्हणून गाडी बिघडवायची का? ९१४ च्या दोन लिटर इंजिनाचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, इंजेक्शनसाठी घडवलेला आहे. त्यावर दोन वेबर चढवले की खालच्या रेसला गाडी अडखळते, मग कॅम बदला, मग जेट बदला. आमच्याकडे जर्मनीत ओल्डटायमरच्या, म्हणजे जपलेल्या जुन्या गाड्यांच्या, एच नंबरप्लेटसाठी गाडी तीस वर्षांची आणि मूळ रूपात हवी. डी म्हणजे जर्मनमधलं 'द्रुक', दाब. या सिस्टीमचं नावच त्या सेन्सरवरून आहे, आणि तुम्ही तोच टाकायला सांगताय. नवीन सेन्सर मिळत नाही हे मान्य. पण त्याचे डायफ्रॅम हौशी लोक बनवून विकतात. माझ्या सासऱ्यांनी ७१व्या वर्षी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो उघडून जोडला.

फ्रीमाँटचा पाना:
स्मॉगचं मिस्त्रींचं खरं आहे. ७३ ची गाडी सुटते. हा एक मुद्दा मान्य, बाकी एकही नाही.

आगीचं मात्र सगळ्यांनी ऐका. ९१४ जळतात त्या इंजेक्शनमुळे नाही, पन्नास वर्षांच्या नळ्यांमुळे. ७४ पर्यंतच्या गाड्यांत पेट्रोल पंप मागे उजवीकडे, एक्झॉस्टच्या उष्णतेशेजारी. वर बॅटरी, तिचं ॲसिड खाली झिरपतं. त्यात आता पंपावर दहा टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, जुनं रबर फुगतं नि चिरतं.

वाकडचा मिस्त्री:
दहा टक्क्यांचं काय कौतुक सांगता! आमच्याकडे वीस टक्के आहे. २०३० चं उद्दिष्ट ओढून २०२५-२६ वर आणलं, २०२३ पासून पंपांवर ई-२० यायला लागलं. माझ्याकडे जुन्या गाड्यांचे पंपाचे डायफ्रॅम बिस्किटासारखे मऊ होऊन येतात. टाकीच्या तळाला पाणी. ॲव्हरेज पडलं म्हणून गिऱ्हाईक माझ्यावर ओरडतं. कुणी विचारलं होतं आम्हाला?

वाळव्याचा ऊसवाला:
मला पोर्शेतलं काही कळत नाही, पण इथे गप्प बसवेना. इथेनॉलच्या आधी आमच्या कारखान्याने एका हंगामाचं बिल सात महिने थकवलं होतं. कायदा सांगतो चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान भाव, द्या. थोरल्या मुलीची फी मी व्याजाने पैसे काढून भरली. इथेनॉल आलं तेव्हा कारखान्याच्या हातात रोख आली आणि आमचं बिल वेळेवर निघायला लागलं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले, तेव्हा परत पोटात गोळा आला. तुमची एक रबरी नळी फुगते म्हणून आमचं घर वाळवायचं?

वाकडचा मिस्त्री:
दादा, मी शेतकऱ्याच्या पोटावर कुठे आलो? माझे वडीलही शेतकरीच होते. माझं भांडण एवढंच आहे की पंपावर साधं पेट्रोल वेगळं ठेवा. ज्याची गाडी जुनी त्याने ते घ्यावं. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश कमी ऊर्जा, मग ॲव्हरेज पडणारच. हे सांगितलं तर लगेच मी शत्रू?

वाळव्याचा ऊसवाला:
वेगळा पंप ठेवायला माझी हरकत नाही. पण इथेनॉलच्या पेट्रोलला 'पाणी विकतात' असं कुणी म्हटलं की ते आम्हालाच लागतं, हे ध्यानात ठेवा.

श्टुटगार्टची सून:
हे गाडीशी जोडून सांगते. डी-जेट्रॉनिकला ऑक्सिजन सेन्सर नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल आलं की मिश्रण हलकं होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि त्या डब्याला ते कळायचा मार्गच नाही. म्हणून दाबाचा सेन्सर दुरुस्त झाला की तो जरा जाड मिश्रणाकडे जुळवावा लागतो. हे काम मात्र पहिल्या दिवशी नवशिक्याने करू नये. इथे काकांचं बरोबर आहे.

नवा ९१४वाला:
ज्याच्यावरून हे सगळं सुरू झालं तो मीच. तुमचं वाचून काल सेन्सरला हातपंप लावला. पंधरा इंच व्हॅक्यूम ओढला, दहा सेकंदांत काटा शून्यावर. म्हणजे पानादादांसारखंच दुखणं. पण बॅटरीचा ट्रे उचलला तर खालची नळी हातात तुटली. आत पेट्रोल होतं. मी हेच घेऊन दोन आठवडे ऑफिसला जात होतो. आधी काय करू?

वाकडचा मिस्त्री:
आधी बॅटरीची निगेटिव्ह काढ, गाडी बाहेर ढकल, घराच्या भिंतीपासून लांब. टाकीपासून इंजेक्टरपर्यंत एकही जुनी नळी ठेवू नकोस, गाडीच्या मधल्या बोगद्यातून जाणाऱ्या प्लास्टिकच्यासुद्धा. इंजेक्शनची आर-९ दर्जाची नळी घे. स्क्रूच्या पट्टीवाल्या क्लिपा नकोत, त्या नळीत रुततात. गोल कडेच्या घे. चावी फिरवायच्या आधी नुसता पंप चालवून प्रत्येक सांध्यावर कोरडं बोट फिरव. फायर एक्स्टिंग्विशर हाताशी, ट्रंकमध्ये नाही.

हे सगळं केलंस तर सेन्सर उघड, मी आडवा येणार नाही. कार्ब्युरेटरबद्दल माझं मत तेच आहे. पण कामाच्या पहिल्याच दिवशी ट्रे उचलून खाली बघणारा पोरगा मला माझ्या गॅरेजमध्ये चालला असता.

फ्रीमाँटचा पाना:
माझ्याकडे साडेसात मिलिमीटरची नळी चार मीटर शिल्लक आहे. तू बे एरियात असशील तर शनिवारी ये, घेऊन जा. पंपही पुढे, टाकीजवळ हलवू, ७५ पासून कंपनीने केला होता तसा.