ऑफिसचा फायरफॉक्स (सोसायटी ग्रुप, मंगळवार)

ऑफिस मॅनेजर, 9:41
नमस्कार. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर फायरफॉक्स नवीन पान उघडत नाही. कुठंही क्लिक केलं की "रीस्टार्ट करा" म्हणतो. कॉमन मीटरचं लाइट बिल आजच भरायचंय, शेवटची तारीख आहे.

सी-204, 9:42
आधी पाण्याचं बघा. सी विंगला सकाळपासून करंगळीएवढी धार आहे.

सेक्रेटरी, 9:44
पाण्याचं प्लंबरला सांगितलंय. मॅनेजर काका, बी-302 च्या काकूंना विचारा, दिवाळीत ते लिनक्स त्यांनीच टाकलंय.

ए-503, 9:45
म्हणूनच मी म्हणत होतो, विंडोज होतं तेच बरं होतं.

बी-302 काकू, 9:52
मी नाशिकला लेकीकडं आहे, पण फोन हातात आहे. ए-503, विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टनं 14 ऑक्टोबर 2025 पासून रामराम केला. आपलं मशीन 11 ला बसत नाही. नवीन घ्यायचा विषय निघाला तेव्हा "आत्ता रंगकाम आहे, खर्च नको" कोण म्हणालं होतं?

बी-302 काकू, 9:55
मॅनेजर काका, घाबरू नका. रात्री मिंटनं (आपल्या लिनक्सचं नाव) फायरफॉक्सचं अपडेट घेतलं आणि फायरफॉक्स तेव्हा उघडाच होता. त्याच्या पायाखालच्या फाइली बदलल्या. उघडे टॅब जुन्या फाइलींवर चाललेत, नवा टॅब नव्या फाइली मागतोय, म्हणून तो अडून बसलाय. सगळ्या खिडक्या बंद करा, परत उघडा. बस.

ऑफिस मॅनेजर, 10:03
केलं मॅडम. मेन स्विच बंद करून चालू केला.

बी-302 काकू, 10:03
अहो काका, खिडक्या म्हटलं मी 🙏 स्विच नाही.

ऑफिस मॅनेजर, 10:08
आता उघडला, पण सगळं काळं. बिलाचं पान काळं, गूगल काळं. अक्षरंसुद्धा काळी. [फोटो]

ए-503, 10:09
व्हायरस.

खजिनदार, 10:11
कृपया कोणीतरी लवकर बघा. दंड लागला तर ऑडिटमध्ये मलाच उत्तर द्यावं लागतं.

ए-503, 10:14
_फॉरवर्ड:_ फायरफॉक्स चालत नसेल तर सेटिंगच्या पानावर जाऊन एचटीटीपी 3 बंद करा, 100% उपाय, सगळ्यांना पाठवा.

सी-701, 10:16
काकू, मी आज घरूनच काम करतोय. खाली जाऊन अनइन्स्टॉल करून परत टाकतो. पाच मिनिटांचं काम.

बी-302 काकू, 10:31
नातीला शाळेच्या बसमध्ये बसवून आले. ए-503, हा मेसेज 2022 चा आहे. 13 जानेवारी 2022 ला जगभरातले फायरफॉक्स एकदम लटकले होते, तेव्हाचा तात्पुरता उपाय. ते त्याच दिवशी निस्तरलं. तेव्हा पानं उघडतच नव्हती, आपली उघडताहेत आणि काळी दिसताहेत. लक्षण वेगळं, औषध तेच कसं चालेल?

सी-701, बाळा, काढून परत टाकू नकोस, उपयोग नाही.

सी-701, 10:33
टाकून झालं काकू. उपयोग नाही 😅 तसंच काळं.

बी-302 काकू, 10:36
होणारच. फायरफॉक्स हा प्रोग्रॅम वेगळा आणि आपली बिऱ्हाडाची पेटी वेगळी. बुकमार्क, पासवर्ड, हिस्टरी, ॲड-ऑन (म्हणजे फायरफॉक्सला वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम), सेटिंग हे सगळं प्रोफाइल नावाच्या फोल्डरमध्ये असतं, होम फोल्डरच्या आत, लपवलेलं. प्रोग्रॅम दहा वेळा काढून टाकलास तरी मिंट त्या पेटीला हात लावत नाही.

ए-601, 10:38
माझ्या भाच्यानं सांगितलंय, तो लपलेला मोझिलाचा फोल्डर डिलीट करा, सगळं कोरं होतं.

बी-302 काकू, 10:38
❌❌ नको!! कोणीही काहीही डिलीट करू नका. कोरं होतं म्हणजे 112 फ्लॅटच्या हिशेबाच्या साइटचे, महानगरपालिकेचे, लिफ्टवाल्याचे सगळे पासवर्ड आणि बुकमार्क गेले. डिलीट झालेलं मी नाशिकहून परत आणू शकत नाही.

खजिनदार, 10:40
पासवर्ड त्यात सेव्ह आहेत?? बँकेचापण?

ऑफिस मॅनेजर, 10:41
हो मॅडम. नाहीतर मला आठवत नाही.

खजिनदार, 10:41
यावर मीटिंगमध्ये बोलू.

सी-701, 10:58
झालं! ✌️ फायरफॉक्सच्या साइटवरून थेट फाइल उतरवली, डाउनलोड्समध्येच उलगडून तिथून चालवली. पानं पांढरीशुभ्र. मिंटचा फायरफॉक्सच खराब आहे.

सेक्रेटरी, 10:59
शाब्बास. बिल भरा पटकन.

ऑफिस मॅनेजर, 11:04
सर, यात काहीच नाही. बुकमार्क नाहीत, पासवर्ड नाहीत. बिलाच्या साइटचा पासवर्ड मला माहीत नाही.

ए-503, 11:05
गेलं सगळं. मी म्हणालो होतो.

बी-302 काकू, 11:07
काही गेलेलं नाही. 2019 पासून, म्हणजे आवृत्ती 67 पासून, फायरफॉक्स प्रत्येक ठिकाणच्या कॉपीला वेगळी पेटी देतो. मिंटची कॉपी एका जागी, सी-701 ची डाउनलोड्समध्ये. जागा नवी, म्हणून पेटी नवी आणि रिकामी. जुनी आहे तिथंच आहे. आणि "मिंटचा खराब" हा निकालही घाईचा. तुझ्या कॉपीत पेटी रिकामी आहे, म्हणून तर पानं पांढरी नसतील?

जुनी पेटी डाउनलोड्सच्या कॉपीत उघडू नकोस हं. ती कॉपी जास्त नवी आहे.

सी-701, 11:08
काकू, तुमचा मेसेज यायच्या आधीच मी फायरफॉक्सच्या अबाऊट प्रोफाइल्स या पानावर जाऊन जुनं प्रोफाइल लावून टाकलं…

सी-701, 11:09
आता यातही काळं. आणि मिंटचा उघडला तर म्हणतो, "तुम्ही फायरफॉक्सची जुनी आवृत्ती उघडली आहे, नवीन प्रोफाइल बनवा." [फोटो]

सी-204, 11:10
पाणी पूर्ण गेलं.

बी-302 काकू, 11:13
हं. दोन गोष्टी झाल्या, एक वाईट, एक चांगली.

वाईट ही की नव्या आवृत्तीनं पेटी स्वतःच्या पद्धतीनं लावून घेतली. जुन्या आवृत्तीनं ती उघडली तर आतलं बिघडू शकतं, म्हणून तो दारातच थांबवतो. हे तो आपल्या भल्यासाठीच करतो. "नवीन प्रोफाइल बनवा"वर दाबू नका, "क्विट" करा.

चांगली ही की काळं कुठून येतंय ते कळलं. डाउनलोड्सच्या कॉपीत रिकाम्या पेटीबरोबर पांढरं होतं, जुन्या पेटीबरोबर काळं झालं. म्हणजे काळं पेटीबरोबर आलं. मिंट निर्दोष.

सेक्रेटरी, 11:15
माझ्या ऑफिसातला एकजण म्हणतोय, मिंटमध्ये टाइमशिफ्ट असतं, कालच्या तारखेला न्या.

बी-302 काकू, 11:18
आहे, मीच लावलंय. पण टाइमशिफ्ट सिस्टीमच्या फाइली मागं नेतो, होम फोल्डरला आपण होऊन हात लावत नाही. म्हणजे फायरफॉक्स आणखी जुना होईल आणि पेटी नवीच राहील. आत्ता जो दारात अडतोय तो आणखी घट्ट अडेल. नको.

सी-701, आधी एक काम. अबाऊट प्रोफाइल्सच्या पानावर जुन्या प्रोफाइलखाली "रूट डिरेक्टरी" आहे, तिच्यासमोरचं बटण दाबलं की फोल्डर उघडेल. मग फायरफॉक्स बंद कर आणि तो अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर घे. सुट्या फाइली उचलू नकोस. पासवर्ड एका फाइलमध्ये असतात आणि त्यांची किल्ली दुसऱ्या. कपाट घेतलं आणि किल्ली राहिली असं लोकांचं होतं.

सी-701, 11:29
घेतला काकू.

बी-302 काकू, 11:30
गुणी मुलगा. आता डाउनलोड्सचीच कॉपी उघड, जुन्या पेटीसकट. पत्त्याच्या पट्टीत अबाऊट:सपोर्ट टाका, ते फायरफॉक्सचं स्वतःचं पान आहे. ते पान काळं दिसतंय की नीट?

ऑफिस मॅनेजर, 11:33
मॅडम, मी तुमच्यासारखंच टाकलं, गूगलवर "अबाऊटः सपोर्ट" असा शोध लागतोय.

बी-302 काकू, 11:34
काका 😄 इंग्रजीत टाइप करायचं, मी मराठी कीबोर्डवर आहे म्हणून इथं असं दिसतंय. आणि ती दोन टिंबं कोलनची. तुम्ही विसर्ग दिलात.

सी-701, 11:35
काका उठले, मी बसलो. नीट दिसतंय काकू. एकदम पांढरं, आकडेबिकडे सगळं.

बी-302 काकू, 11:37
सापडला. फायरफॉक्सच्या स्वतःच्या पानांवर ॲड-ऑनना बंदी असते. वेबसाइट काळ्या आणि घरची पानं गोरी, म्हणजे कोणतं तरी ॲड-ऑन वेबसाइटना काळं फासतंय. ग्राफिक्सचा घोळ असता तर घरची पानंही सहसा सुटली नसती.

त्याच पानावर उजवीकडं "ट्रबलशूट मोड"चं बटण आहे. त्यात ॲड-ऑन बंद ठेवून फायरफॉक्स उघडतो. पूर्वी याला सेफ मोड म्हणायचे. शेजारीच "रिफ्रेश फायरफॉक्स" दिसेल, त्याला हात लावू नकोस. त्यानं पासवर्ड आणि बुकमार्क राहतात पण ॲड-ऑन आणि बरीच सेटिंग उडतात. एवढ्यासाठी नको.

सी-701, 11:41
ट्रबलशूट मोडमध्ये सगळं पांढरं! बुकमार्कपण आहेत, पासवर्डपण!

खजिनदार, 11:41
🙏🙏🙏 आधी बिल भरा. बाकी नंतर.

ऑफिस मॅनेजर, 11:52
बिल भरलं. पावती जोडली आहे. [फाइल]

खजिनदार, 11:53
पावतीवर ग्राहक क्रमांक तपासला का? मागच्या वेळी तुम्ही बी विंगच्या पंपाचं दोनदा भरलं होतं.

ऑफिस मॅनेजर, 11:54
तपासला मॅडम.

बी-302 काकू, 12:05
भाजी फोडणीला टाकून आले. आता गुन्हेगार. ॲड-ऑनच्या पानावर काय काय आहे?

सी-701, 12:07
जाहिराती अडवणारं एक, मराठी शब्दकोश, आणि एक "सगळी पानं गडद करा" वालं.

बी-302 काकू, 12:08
पहिलं आणि शब्दकोश मी टाकले. गडदवालं कोणी? त्यावर क्लिक कर, "लास्ट अपडेटेड" तारीख बघ.

सी-701, 12:10
कालची रात्र. म्हणजे फायरफॉक्स आणि हे एकाच रात्री अपडेट झाले!

बी-302 काकू, 12:12
हो. ॲड-ऑन स्वतःच्या मनानं अपडेट होतात, मिंटला विचारत नाहीत. मिंटच्या अपडेटची नोंद डोळ्यासमोर होती म्हणून त्याचं नाव झालं. ते गडदवालं फक्त बंद कर आणि नेहमीच्या मोडमध्ये उघड.

सी-701, 12:14
पांढरं 🎉

सेक्रेटरी, 12:15
पण ते टाकलं कोणी? ऑफिसच्या कॉम्प्युटरवर असं परस्पर काही टाकायचं नाही हे ठरलं होतं ना?

ए-601, 12:16
सीसीटीव्ही बघा.

ऑफिस मॅनेजर, 12:17
सर, ते मी सांगू का इथं?

चेअरमन, 12:31
मी टाकलं होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पांढऱ्या पडद्याचा त्रास व्हायचा. दोन महिने चांगलं चाललं होतं.

सेक्रेटरी, 12:31
साहेब, तब्येत महत्त्वाची. काही हरकत नाही.

ए-503, 12:32
बरोबर आहे साहेबांचं. डोळ्यांपुढं कॉम्प्युटर काय.

बी-302 काकू, 12:36
साहेब, त्याला ॲड-ऑन नको. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्येच गडद रूप निवडता येतं. ज्या साइटनं सोय केलीय ती गडद दिसते, नाहीतर पांढरी राहते, पण काळ्यावर काळं होत नाही. आणि मिंटच्या सेटिंगमध्ये रात्रीचा पिवळसर उजेड आहे, तो लावून देईन आल्यावर.

बी-302 काकू, 12:40
सी-701, एक काम राहिलंय. मिंटचा फायरफॉक्स अजून दारातच अडेल. नवी मोठी आवृत्ती साधारण चार आठवड्यांनी, बहुधा मंगळवारी निघते, तीच तू आज उतरवलीस. मिंटवाले ती थोडी मागून देतात. संध्याकाळी अपडेट मॅनेजर उघडून बघ. आली की घे, पण आधी फायरफॉक्स बंद कर. दोन्ही आवृत्त्या सारख्या झाल्या की मिंटचा जुनी पेटी मुकाट्यानं उघडेल. मग डाउनलोड्समधली कॉपी काढून टाक. ती आपली आपण अपडेट होते, मिंटची अपडेट मॅनेजरमधून, दोघी पुन्हा मागंपुढं झाल्या की हेच परत.

सी-701, 12:42
आणि संध्याकाळी नाही आली तर? जबरदस्तीनं जुन्यात उघडायचा एक पर्याय असतो असं वाचलं.

बी-302 काकू, 12:44
असतो. पेनड्राइव्हवर कॉपी आहे म्हणून तुला तो सांगताही येईल. पण एक-दोन दिवस डाउनलोड्सच्या कॉपीवर काम चालतंय, तर कशाला उगाच?

खजिनदार, 12:50
तो पेनड्राइव्ह आत्ताच माझ्याकडं आणून द्या. त्यात बँकेचा पासवर्ड आहे. आणि मॅनेजर काका, तो आजच बदला, ब्राउझरमध्ये सेव्ह करू नका.

ऑफिस मॅनेजर, 12:51
मग लिहून ठेवू का मॅडम, रजिस्टरमध्ये?

खजिनदार, 12:51
नाही!!

सी-701, 19:22
काकू, अपडेट आलं. फायरफॉक्स बंद करून घेतलं. मिंटचा उघडला, सगळं जागच्या जागी. डाउनलोड्सची कॉपी काढली.

बी-302 काकू, 19:30
👍 शनिवारी येते. चिवडा आणते नाशिकचा, तुला वेगळी पिशवी.

सी-204, 19:34
पाण्याचं काय झालं?

सेक्रेटरी, 19:36
व्हॉल्व्ह कोणीतरी अर्धा बंद केला होता. प्लंबरनं उघडला.

सी-204, 19:36
कोणी?

ऑफिस मॅनेजर, 19:38
सर, ते मी सांगू का इथं?