शब्दचर्चा : देवावर ‘भाव ठेवणे’, भरोसा आणि हवाला

सदरहून

आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या काही बाया नागपूरच्या मेडिकलला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, भरती असलेल्यांच्या नातेवाइकांना भेटायला जातात, त्यांत मीही असते. कोणी गोंदियाहून आलेलं असतं, कोणी गडचिरोलीहून, कोणी पार छिंदवाड्याहून. वॉर्डाबाहेर सतरंजी टाकून, डबा उशाशी ठेवून लोक पडलेले असतात. आम्ही चहा देतो, विचारपूस करतो, आणि कोणाला ऐकायचं असेल तर पवित्र शास्त्रातला एखादा उतारा वाचतो.

परवा बायबलातल्या नीतिसूत्रांचा तिसरा अध्याय वाचला. ‘तू आपल्या अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव, आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस.’ वडील आयसीयूत असलेल्या एका पोराने विचारलं, “ताई, भाव ठेव म्हणजे काय? भक्तिभाव? म्हणजे मी रोज पूजा करायची का?” मी म्हटलं, “भाव म्हणजे भरोसा.” तो म्हणाला, “डॉक्टरपण तेच म्हणाले, भरोसा ठेवा.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तो खरंच विचारत होता. म्हणून इथे विचारते. भाव, भरोसा, विश्वास, श्रद्धा यांत नेमका फरक काय? आणि ज्याचं माणूस आत मरणाच्या दारात आहे, त्याच्याशी बोलताना यातला कोणता शब्द पेलतो?

धरमपेठेतून

ताई, आयुष्यभर मराठी शिकवलं आहे, तेव्हा शब्दांपुरतं सांगतो.

‘विश्वास’ संस्कृत ‘श्वस्’ धातूवरून आला, श्वास घेणे. ‘श्रद्धा’ ‘श्रत्’ आणि ‘धा’ यांची. जुना अर्थ काळीज कुठेतरी ठेवणं असाच लावतात. हे दोन्ही शब्द आज बरेचसे मतासारखे वापरले जातात. ‘माझा देवावर विश्वास आहे’ या वाक्याने देव आहे असं मला वाटतं एवढंच कळतं. त्यातून संकटात मी काय करीन ते कळत नाही.

‘भरवसा’ पुस्तकात, ‘भरोसा’ आपल्या नागपुरात. हा शब्द वापरात वेगळा वागतो. ‘थोरलीच्या भरोशावर लहान लेकरं टाकून ती मजुरीला गेली.’ इथे आईचं थोरलीविषयी मत काय, हा मुद्दाच नाही. लेकरं सोडून ती निघून गेली, हा भरोसा. त्यात पाठ फिरवावी लागते. सारखं वळून पाहत राहिलं तर तो भरोसा नाही.

‘हवाला’ अरबी आहे, सोपवणूक. ‘हवाली करणे’ त्यातलाच. ‘देवावर हवाला ठेवून ऑपरेशनला हो म्हटलं’ असं जुनी माणसं अजून म्हणतात. ‘हवालदिल’ मात्र याच्या कुळातला नाही, तो ‘हौल’ म्हणजे धास्ती आणि ‘दिल’ यांचा. मुळं निराळी, पण आयसीयूच्या बाहेर हे दोन्ही शब्द एकाच माणसाला लागू पडतात. देवावर हवाला ठेवला तो माणूस हवालदिल नसेलच, असं कोणी सांगू नये.

‘भाव’ हा वारकऱ्यांचा शब्द. ‘भाव तेथे देव’, ‘मनी नाही भाव, म्हणे देवा मला पाव’. त्यामुळे पोराला पूजा सुचली ते साहजिक आहे. माझा एक प्रश्न मात्र उरतो. मराठी बायबलात हा शब्द आला कसा, आणि ‘भाव ठेव’ अशी आज्ञा का? आम्ही ‘भाव असतो’ म्हणतो, ‘भाव धरावा’ म्हणतो.

धंतोलीतून

सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर थोडं लांबेल. माझे वडील पाळक होते आणि मी स्वतः हिब्रू शिकले आहे.

मराठीत नवा करार पहिल्यांदा छापला गेला तो १८११ साली, बंगालमधल्या श्रीरामपूरला, मिशनरी विल्यम कॅरीसाहेबांच्या देखरेखीखाली. तेव्हापासून भाषांतर करणाऱ्यांपुढे एकच पेच राहिला आहे. देवाशी बोलायची मराठी आधीच तयार होती, आणि ती संतांनी घडवली होती. रेव्हरंड ना. वा. टिळकांना १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका मिशनऱ्याने नवा करार दिला. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी ‘भाव’ आहे तो याच पुलावरचा, असं मला मनापासून वाटतं.

आता मूळ शब्द. नीतिसूत्रांत जिथे ‘भाव ठेव’ आहे तिथे हिब्रूत ‘बाताह’ आहे. एखाद्याच्या आधाराने निर्धास्त होणं, असा त्याचा अर्थ. बायबलातल्या स्तोत्रांत तो पुन्हा पुन्हा येतो, आणि बहुतेक वेळा माणूस घेरला गेलेला असताना येतो.

बावीसावं स्तोत्र घ्या. पहिली ओळ सगळ्यांना ठाऊक आहे, कारण वधस्तंभावर येशूने तीच उच्चारली : ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ पुढच्या वचनात तो माणूस म्हणतो, मी दिवसा हाक मारतो, रात्री हाक मारतो, तू उत्तर देत नाहीस. आणि लगेच चौथ्या-पाचव्या वचनांत हाच ‘बाताह’ तीनदा येतो. आमच्या वाडवडिलांनी तुझ्यावर भाव ठेवला, ठेवला आणि सुटले, ठेवला आणि फजीत झाले नाहीत. म्हणजे स्वतःजवळ या घडीला दाखवायला काही नाही, म्हणून तो घराण्याची आठवण काढतो आहे. नवव्या वचनात तर तो आणखी मागे जातो : आईच्या अंगावर पीत होतो तेव्हा तूच मला हा भाव शिकवलास. अंगावर पिणाऱ्या बाळाला मत नसतं, सिद्धांत नसतो. त्याचा सगळा भार आईच्या हातांवर असतो, एवढंच.

त्या पोराला मी हे स्तोत्र वाचून दाखवलं असतं. पहिल्या ओळीपासून, काही न गाळता.

आणि ३७व्या स्तोत्राचं पाचवं वचन : ‘आपला जीवितक्रम परमेश्वरावर सोपवून दे, त्याच्यावर भाव ठेव म्हणजे तो तुझी कार्यसिद्धी करील.’ ‘सोपवून दे’ हे फार सभ्य भाषांतर झालं. मूळ क्रियापद ‘गालाल’ आहे, लोटणे, गडगडवणे. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोबाने विहिरीच्या तोंडावरचा धोंडा लोटला, तिथे हीच क्रिया आहे. धोंडा उचलवत नाही म्हणून लोटायचा असतो. अंगात बळ उरलं नाही त्यालाही हे जमण्यासारखं आहे. म्हणून मला हे वचन फार प्रिय आहे.

इतवारीतून

वाचून बरं वाटलं, पण मला अडतं ते पुढे. एकीकडे ‘भाव ठेव’, दुसरीकडे ‘तू मला का टाकलंस’. आमच्या आजीने असं देवाला विचारलेलं आम्हाला कधी आठवत नाही. ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ म्हणत तिने सगळं सोसलं. तक्रार केली म्हणजे भरोसा ढळला, असं नाही का होत?

धंतोलीतून

दादा, तुमच्या आजीचं सोसणं लहान करायचं नाही. पण शास्त्रात गाऱ्हाण्याला जागा आहे, आणि ती कोपऱ्यातली नाही. १०२व्या स्तोत्राच्या मथळ्यातच लिहिलं आहे की ही पीडलेल्या माणसाची प्रार्थना, तो खचून देवापुढे आपलं गाऱ्हाणं ओततो. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. शेवटी आभार नाहीत, सुटका नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात ठेवलेलं आहे. सगळं गमावलेला ईयोब देवाशी हुज्जत घालतो, आणि पुस्तकाच्या शेवटी देव म्हणतो की ईयोब माझ्याविषयी योग्य बोलला, त्याला शहाणपण शिकवणारे मित्र बोलले नाहीत. मेडिकलला भेटायला जाणाऱ्या प्रत्येकाने, आम्ही पाळकांच्या घरच्यांनी तर आधी, त्या मित्रांचं काय झालं ते वाचून जावं.

ज्याच्याकडे गाऱ्हाणं नेतो, त्याने ऐकावं असं मनात असतंच. ज्यावर भरोसा नाही त्याच्या दारात कोणी रडायला जात नाही.

काटोलहून

मी कास्तकार माणूस. आमच्याकडे ‘भाव’ म्हटलं की आधी कळमन्याच्या बाजारातला भाव. संत्र्याला काय भाव, कापसाला काय भाव. ‘देवावर भाव ठेव’ म्हटलं तर पोरं दुसरंच समजतील. म्हणून गावात मी ‘भरोसा’च म्हणीन.

पण मला लिहायचं होतं ते बायबलातल्या हबक्कूक संदेष्ट्याबद्दल. फार छोटं पुस्तक, तीन अध्यायांचं. शेवटी तो म्हणतो, अंजिराला फूल नाही, द्राक्षीला फळ नाही, जैतून बुडालं, वावरात दाणा नाही, वाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात जनावर नाही, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, हे कोणीतरी आमच्याच पंचक्रोशीत बसून लिहिलं. गारपीट होऊन गेल्यावर माणूस बांधावर उभा राहून असंच एकेक मोजतो : संत्र्याचा आंबिया बहार गेला, गहू गेला, चणा गेला. तो सगळं मोजतो. काही लपवत नाही. आणि मग ‘तरी’ म्हणतो. त्या ‘तरी’च्या आधी ‘पुढच्या वर्षी सगळं भरून निघेल’ असं कुठेच नाही.

आता एक सांगतो, कोणाला दुखवायला नाही. आमच्याकडे संत्र्याचा मृगाचा बहार घ्यायचा तर उन्हाळ्यात बाग ताणावर सोडतात. पाणी तोडतात, पानं मलूल होतात, मग पाऊस पडला की झाड फुलावर येतं. प्रवचनात हे उदाहरण चांगलं दिसतं, देव तुम्हाला ताणावर सोडतो म्हणजे बहार येईल. पण बाग राखणाऱ्याला विचारा. ताण जमीन पाहून, झाडाचं वय पाहून द्यावा लागतो, आणि जास्त झाला तर झाड वाळतं, सरपण होतं. ज्याचं पोर गेलं त्याला ‘हा देवाने दिलेला ताण आहे’ असं सांगू नये. हबक्कूक असं सांगत नाही. त्याने वाळलेलं वाळलं म्हटलं.

आमच्या बोलीत वाक्य असं आहे : “देवाच्या भरोशावर पेरलं बाप्पा, आता तो पाहीन.” पेरायचं काम आपल्याकडेच राहतं, हे यात आलंच.

हिंगण्याहून

थोडं वेगळं. २३व्या स्तोत्रात ‘तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात’ असं आहे. शहरातल्या पोरांना आकडी म्हणजे फिट वाटते. आमच्याकडे शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांच्या हातात अजून असते, लांब काठी आणि टोकाला वाकडं पातं. बाभळीची फांदी त्याने खाली ओढतात, शेंगा पडतात, शेळ्या गोळा होतात. स्तोत्रातल्या मेंढपाळाचं हत्यार अगदी असंच असेल असं नाही. पण ‘धीर देतात’ हे मला याच्यामुळे कळलं. कळपाला बहुतेक वेळा मेंढपाळाचा चेहरा दिसत नाही, गवतावरून हलणारी काठी दिसते.

सदरहून

सगळ्यांचे आभार. एक शंका राहिली, ती फार महत्त्वाची आहे. ‘तो तुझी कार्यसिद्धी करील.’ हे वाचलं की ऐकणाऱ्याला वाटतं, भरोसा ठेवला तर बाबा घरी येतील. आणि नाही आले तर? मग एक तर देव खोटा, नाहीतर माझा भरोसा कमी पडला. दुसरं तर जास्त वाईट. बाप गेला तो गेला, वर अपराध माथी.

धंतोलीतून

ताई, म्हणून एकटं वचन कधी देऊ नये. प्रेषित पौलाचं उदाहरण जोडीला ठेवा, करिंथकरांस त्याचं दुसरं पत्र, बारावा अध्याय. त्याच्या शरीरात काटा होता, काय ते त्याने सांगितलेलं नाही. तो निघावा म्हणून तीनदा प्रभूला विनवलं. निघाला नाही. उत्तर आलं, ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ पौलाचा विश्वास कमी होता असं कोणी म्हणेल का? आणि गेथशेमानेच्या बागेत वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशूनेही दुःखाचा प्याला टळावा म्हणूनच मागितलं होतं. मागणं खरं होतं, भरोसाही खरा होता, आणि प्याला टळला नाही. पुनरुत्थान आलं ते मरणाच्या पलीकडे, मरण चुकवून नाही. माझा सगळा विश्वास त्यावर उभा आहे. म्हणून मी त्या पोराला बाबा बरे होतील असं वचन देणार नाही. बाबांसाठी त्याच्यासोबत मागीन. आणि काहीही झालं तरी देव तुला सोडणार नाही, एवढंच ठामपणे सांगीन.

सदरहून

मग असं म्हणू का, ‘जे उचलवत नाही ते देवाकडे लोट’?

धरमपेठेतून

ताई, भावना चोख आहे, क्रियापद जपा. मराठीत ‘लोटणे’, ‘ढकलणे’ माणसांच्या संदर्भात आलं की टाळाटाळीचा वास येतो. ‘त्याने सगळं बायकोवर ढकललं’ ही तक्रार असते. धोंड्यासाठी लोटणं ठीक, कानाला मात्र ‘भार टाक’ हेच बरोबर लागतं. ५५व्या स्तोत्रात तुमच्याकडे ‘आपला भार परमेश्वरावर टाक’ असंच आहे ना? आणि तुकोबांची ओळ आहे : ‘घालूनियां भार राहिलों निश्चिंती । निरविलें संतीं विठोबासी’. ‘निरविणे’ म्हणजे एखाद्याच्या स्वाधीन करणे, त्यावरूनच आपली ‘निरवानिरव’. इथे संतांनी तुकोबांना विठोबाच्या स्वाधीन केलं, ते स्वतःहून पोचले असं ते म्हणत नाहीत. ज्याला स्वतःला भार टाकता येत नाही, त्याचा भार दुसऱ्या कोणीतरी देवावर नेऊन टाकला, असंही होतं.

तेव्हा पुढच्या वेळी त्या पोराला म्हणा, “तुझ्याच्यानं होत नसेल तर आज आम्ही टाकतो.” आणि त्याच्याजवळ बसून स्तोत्र वाचा. ‘भाव’चा अर्थ त्याने पुन्हा विचारला तर सांगा, नाही विचारला तर राहू द्या.